राखणीचा वाटा

माझी बायको रुखमा गेली हे मला राईसमिलवर कळलं. पोळ्याचा दुसरा दिवस होता. मशीन चालू होतं, पट्ट्याच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं, आणि दारात आमच्या गावचा भैयाजी उभा राहून तोंड हलवत होता. भैयाजीचा पानठेला आहे. गावच्या नाटकात तो विनोदी पार्ट करतो, त्यामुळे त्याच्या तोंडाकडे पाहिलं की मला आधी हसू येतं. त्या दिवशीही आलं. मग मी मशीन बंद केलं आणि त्याचे शब्द ऐकू आले. रुखमा धानातलं तण निंदायला गेली होती. शेताच्या धुऱ्यावर पाणी प्यायला बसली, ती उठली नाही.

घरी आलो तर मामी दारात खाटेवर बसलेली. मामी म्हणजे माझी सासू, सोमारीबाई. लग्नापासून मी तिला मामीच म्हणतो. तिला मुलगा नाही, म्हणून सासरे गेल्यावर ती आमच्याकडे आली. गुडघे कामातून गेलेत, डोळ्यांना फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळतं. माझ्या सायकलचा आवाज ऐकून तिनं विचारलं, "रुखमा आली का?"

मी सायकल भिंतीला टेकवली. शेजारच्या इंदुताईनं तिला सांगितलं.

त्यानंतर घरात आम्ही दोघंच राहिलो. मुलगी स्वाती चंद्रपूरला दवाखान्यात नर्स आहे. ती पंधरा दिवस राहून गेली. मी भात शिजवायचो, मामीसमोर ताट ठेवायचो. ठेवलं तर दोन घास खायची, नाही ठेवलं तर मागायची नाही. मीठ जास्त झालं तरी बोलायची नाही. पूर्वी ती मिठावरून अर्धा तास बोलत असे. तंबाखू मागणंही तिनं सोडलं. मला त्याची काळजी वाटायला लागली.

आता मला आमच्याकडची एक रीत सांगावी लागेल. झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि नाटकं सुरू होतात. घरी पाहुणे येतात, जेवणं होतात आणि अख्खं गाव नाटकाला जातं. पण प्रत्येक घरी एक माणूस राखणीला थांबतं. आमच्या गावात असं आहे की जो राखणीला थांबला, त्याचा नाटकावर वाटा असतो. सकाळी त्याला सगळं नाटक सांगावं लागतं, पहिल्या पडद्यापासून शेवटपर्यंत. जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगायचं, ऐकीव चालत नाही. आणि राखणदाराला एखादा भाग आवडला तर तो वन्समोर देतो. दिला की तेवढा भाग पुन्हा सांगायचा.

आमच्या घरी राखणीला कायम मामी आणि सांगायला कायम रुखमा. भाकरी थापता थापता ती सांगायची. राजाचा आवाज काढायची, खलनायकासारखं हसायची. रडण्याचा प्रवेश आला की हात थांबायचा आणि तव्यावरची भाकर करपायची. शेजारच्या बायका ऐकायला यायच्या, त्यातल्या बऱ्याच जणींनी नाटक स्वतः पाहिलेलं असायचं. मी बाजूला बसून चहा प्यायचो. मला सांगण्याची कला नाही. नाटक कसं होतं विचारलं तर मी "चांगलं होतं" म्हणतो.

उन्हाळ्यात स्वाती आली होती तेव्हा तिनं मोबाईलवर एका येणाऱ्या पिक्चरचा तुकडा दाखवला. आकाशात लोंबकळणारं जंगल, दोन सूर्य, गावाएवढी विमानं. रुखमानं तो तुकडा इतक्या वेळा पाहिला की मोबाईल गरम झाला. मामीला म्हणाली, "माय, हा पिक्चर मी पायलो की तुले सांगीन. असं जंगल नवेगावच्या रस्त्यालेही नाई."

डिसेंबरमध्ये स्वातीचा फोन आला. "बाबा, आईचा पिक्चर लागला. सगळे या. तिकिटं मी काढून ठेवते."

मी म्हटलं, "कायले? मी नाई येत."

खाटेवरून मामी बोलली. "जाय ना. मी राखतो घर. माझा वाटा बाकी हाय."

पोळ्यानंतर तिनं मागितलेली ही पहिली गोष्ट. मी फोनवर लगेच हो म्हटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की पिक्चर आणून सांगायचा मला होता.

वडशाच्या स्टेशनावरून आम्ही चौघं गाडीत बसलो. मी, भैयाजी, इंदुताई आणि गुणवंतराव. गुणवंतराव फॉरेस्टात गार्ड होते, आता रिटायर आहेत. नाटकाला जातो तशीच आमची तयारी होती. घोंगड्या, बसायला पोतं आणि इंदुताईनं केलेले लाखोळीच्या डाळीचे वडे, डबाभर.

चंद्रपूरच्या त्या मोठ्या थेटरात दारावरच्या पोरीनं डबा अडवला. बाहेरचं खाणं आत चालत नाही म्हणाली.

इंदुताई म्हणाली, "बाहेरचं नाई वो बाई, घरचं हाय."

"घरचंही नाही चालत, काकू."

"मंग माणूस खाते काय इथी?"

स्वाती लाजून लाल झाली. भैयाजीनं निकाल दिला, "फेकून नाई देत. खाऊन टाकू." आम्ही पायऱ्यांवर बसून डबाभर वडे संपवले. दोन वडे दारावरच्या पोरीलाही दिले, तिनं इकडेतिकडे पाहून खाल्ले. वडे तिखट होते. मी पाण्याची सगळी बाटली प्यायलो. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढचं सगळं त्या पाण्यामुळे झालं.

आत थंडी अशी की पौष लागल्यासारखं वाटलं. शहरातली मुलं हात चोळत होती आणि आम्ही घोंगड्या पांघरून ऐसपैस बसलो. काळे चष्मे दिले होते. पिक्चर हिंदीत बोलत होता, पण माणसं परदेशातली. सुरुवातीलाच एक मोठा दगड पडद्यातून निघून आमच्याकडे आला. इंदुताई खाली वाकली आणि मागच्या अनोळखी बाईलाही म्हणाली, "वाका वो बाई, वाका!"

मी मात्र डोळे फाडून पाहत होतो. सगळं लक्षात ठेवायचं होतं. कोण कुठून आलं, कोणाचे कपडे कसले. रुखमा असती तर तिला कोपरानं ढोसून विचारलं असतं. उजवीकडे हात गेलाही एकदा. तिथे गुणवंतराव होते. ते म्हणाले, "काय गा?" मी म्हटलं, "काई नाई."

गोष्ट साधी होती. एका जगाला दोन सूर्य. त्यातला एक विझत चालला आहे. तिथे जमिनीत मुळं नसलेलं, आकाशात तरंगणारं जंगल आहे. एक पोरगी विमान चालवते. तिच्याकडे एक पेटतं बी दिलेलं आहे, ते विझणाऱ्या सूर्यात नेऊन टाकायचं आहे. गावातले बाकीचे लोक दुसऱ्या सूर्याकडे निघून जातात. पोरीची माय मात्र जात नाही. ती म्हणते, मी इथेच थांबते, घर पाहते.

मध्यंतरानंतर ती पोरगी जंगलातून विमान घेऊन जाते आणि तिच्या मागे एकेक झाड पेटत जातं. जळत नाही, उजेडानं भरतं. निळा, मग पिवळा, मग मोहाच्या फुलासारखा. थेटरभर उजेडाचे कण उडत होते. एक कण माझ्या नाकावर बसला असं मला वाटलं. शहरातली मुलंही हात चोळायची थांबली.

आणि भैयाजी उभा राहून त्याच्या नाटकातल्या आवाजात ओरडला, "वन्स... मोर!"

कॉलेजची मुलं आधी हसली, मग तीही ओरडायला लागली. वन्समोर, वन्समोर! कोणीतरी शुक् शुक् केलं, त्यालाही वन्समोर मिळाला.

आमच्या नाटकात वन्समोर मिळाला की तो भाग पुन्हा होतो, आणि ज्यांनी नीट पाहिला ते तेवढ्यात चहा, बिडी, लघवी उरकून येतात. चाळीस वर्षांची सवय. पिक्चर मागे फिरत नाही हे मला माहीत आहे, मी अडाणी नाही. पण कानांनी वन्समोर ऐकला, पोटात बाटलीभर पाणी होतं, आणि पाय उठले. मी बाहेर येऊन मोकळा होईपर्यंत माझ्या मनात हेच होतं की आता झाडं पुन्हा पेटत असतील, घाई नाही.

परत आलो तर सारखी दिसणारी तीन दारं. मी त्यातल्या एकात शिरलो. अंधारात कडेच्या खुर्चीवर बसलो. पडद्यावर लग्न चाललं होतं. ढोल वाजत होते, लोक नाचत होते. मला वाटलं, सूर्य पेटला असेल, आता पोरीचं लग्न लावून देत आहेत. चांगलं झालं. पण नवरी वेगळी होती आणि सगळे अस्सल पंजाबी दिसत होते. शेजारच्या माणसाला विचारलं, "पायलटीन कुठी गेली?" त्यानं माझ्या काळ्या चष्म्याकडे आणि घोंगडीकडे पाहिलं आणि दोन खुर्च्या सोडून बसला.

दार चुकलं हे कळून आमच्या दारातून आत शिरलो तेव्हा पडदा पांढराशुभ्र होता. दुसरं काही नाही, नुसता उजेड. मग नावांच्या पाट्या सुरू झाल्या आणि लोक उठले.

"बाबा, कुठे होता?" स्वातीनं विचारलं. तिचे डोळे ओले होते.

"इथीच," मी म्हटलं. "पोरगी परत आली का मायजवळ?"

ती म्हणाली, "तेच तर आहे ना बाबा. ते त्यांनी आपल्यावर सोडलं आहे."

"आपल्यावर कायले? तिकीट काढलं ना आपण."

परतीच्या गाडीत मूलपर्यंत नुसतं भांडण चाललं. भैयाजी म्हणाला, "बेकार पिक्चर. एक विनोदी माणूस नाई, एक गाणं नाई. इतका खर्च केला, एक पेटीवाला नाई ठेवता आला?"

"अन् वन्समोर कोण दिला मंग?" इंदुताई म्हणाली.

"तो झाडायले दिला. पिक्चरले नाई दिला."

गुणवंतरावांना झाडंच पटली नव्हती. "इतकं मोठं जंगल अन् एक शेण नाई, एक पावलाचा ठसा नाई. वाघ नाई तं नाई, साधा रानडुक्कर तरी? आन् ते पोरगी बिनापरवानगी विमान घेऊन घुसते. कोणी अडवलं?"

"तुम्ही असता तं पावती फाडली असती," भैयाजी म्हणाला.

"फाडलीच असती."

इंदुताई मात्र पिक्चरवर खूश होती. अर्ध्या पिक्चरभर ती रडली होती आणि तिला हलकं वाटत होतं. "माय बिचारी एकटी बसली होती वो," ती म्हणाली. "पण आली ना पोरगी. शेवटी दारावर हात दिसला."

"तो हात तिचा नाई," भैयाजी म्हणाला. "पोरगी सूर्यात गेली, खतम. तो हात दुसऱ्याच कोणाचा हाय."

"बांगडी तिचीच होती."

"हातात बांगडी नाई, ते मशीन होतं."

मी गुणवंतरावांकडे पाहिलं. ते म्हणाले, "मी त्या वक्ती चष्मा पुसून राह्यलो होतो." समोरच्या बाकावर सिंदेवाहीला उतरणारं एक जोडपं होतं. त्यांनीही तोच पिक्चर पाहिला होता. नवरा म्हणाला, असा पिक्चर जन्मात पाहिला नाही. बायको म्हणाली, माझं डोकं दुखते. शेवटाबद्दल दोघांचंही जमत नव्हतं.

मी खिडकीतून बाहेर पाहत बसलो. शेवटाशिवाय वाटा कसा द्यायचा?

सकाळी मामी माझ्या आधी उठून बसली होती. तोंड धुऊन, लुगडं बदलून. मी उठताच तिनं खाट उन्हात ओढायला लावली. "चाल," ती म्हणाली. "सांग."

मी चूल पेटवली आणि भाकरी थापायला घेतल्या, कारण रुखमा तसं करायची. माझी भाकर नकाशासारखी झाली. मी म्हटलं, "मामी, पिक्चर चांगला होता."

"झाला?"

"नाई, सुरू करून राह्यलो."

तोवर इंदुताई आली, भैयाजी ठेला उघडायचा सोडून आला, गुणवंतराव काठी टेकत आले. सगळ्यांनी पिक्चर पाहिलेला. मी सांगायला लागलो. दोन सूर्य, एक विझत चाललेला. मामीनं थांबवलं.

"नाव काय पोरीचं?"

"इंग्रजी नाव हाय मामी, ध्यानात नाई राह्यलं. पायलटीन म्हणू."

"चालते. आन् ते माय?"

"माय गेली नाई लोकायसंग. म्हणाली मी घर पायतो."

"म्हंजे राखणीले बसली," मामी म्हणाली आणि सरळ होऊन बसली. "मंग?"

तिथून मला कसं जमलं ते माहीत नाही. मी दगड सांगितला, इंदुताई वाकली ते सांगितलं. मामीला हे फार आवडलं. विमानाचा आवाज मी राईसमिलच्या पट्ट्यासारखा काढला, तो मला येतो. खलनायक आला तेव्हा भैयाजीनं मध्ये तोंड घातलं, तर मामी म्हणाली, "तू गप राय. वाटा जवाई देऊन राह्यला."

मग मी झाडं सांगितली. उजेड कसा एका झाडावरून दुसऱ्यावर गेला, निळा, पिवळा, मोहासारखा. माझ्या नाकावर कण बसला ते. मामीनं तोंड सूर्याकडे केलं होतं. उन्हाचा उजेड तेवढा तिला कळतो. मी थांबलो. ती हळूच म्हणाली, "वन्समोर."

मी पुन्हा सांगितलं.

"वन्समोर."

तिसऱ्यांदा सांगताना मी आणखी दोन रंग घातले. गुणवंतराव म्हणाले, "हे नव्हते पिक्चरात." मामी म्हणाली, "असू दे." तेवढ्यात भाकर करपली. मी ती बाजूला टाकायला उचलली, तर मामी म्हणाली, "आण इकडे. करपलेलीच पायजे मले." तिनं ती अख्खी खाल्ली. मीठ कमी आहे म्हणाली. मी मान खाली घालून दुसरी थापायला घेतली.

खाऊन झाल्यावर तिनं हात झटकले. "मंग? पोरगी आली का?"

इंदुताई म्हणाली, "आली वो!" भैयाजी म्हणाला, "काई आली नाई, मेली ते!" इंदुताईनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं जीभ चावली.

मामी म्हणाली, "या दोघायले नाई विचारून राह्यलो मी. जवाई, तू सांग. तू काय पायला?"

रुखमानं कायम पाळलेला नियम होता तो, मोडता येत नव्हता. इंदुताईचा हात सांगितला असता तर मामी खूश झाली असती. पण तो मी पाहिला नव्हता. मी म्हटलं, "मामी, मी तवा मुताले गेल्तो."

"काय?"

"भैयाजीनं वन्समोर दिला. मले वाटलं झाडं पुन्हा पेटतील. म्हणून उठलो. मंग दुसऱ्याच दारात घुसलो. तिथी पंजाब्याचं लग्न चाललं होतं."

मामीचा चेहरा तसाच राहिला. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे. मी उठलो. ती हसत होती. दात नसलेलं तोंड उघडं टाकून, खाटेची दोरी धरून. हसता हसता खोकला आला, इंदुताईनं पाणी दिलं, तर पाणी नाकातून आलं. "लग्न... लग्नात जेवला का गा?" ती म्हणाली आणि पुन्हा सुरू झाली. भैयाजी जमिनीवर बसून मांड्यांवर हात मारत होता. आयुष्यभर विनोदी पार्ट केला, त्याला इतकं हसू कधी मिळालं नव्हतं.

शांत झाल्यावर मामीनं पदरानं डोळे पुसले. "रुखमा असती तं तुले लाटणं मारली असती," ती म्हणाली.

"हो, मामी."

"मले शेवट पायजे. हिचा हात नाई पायजे, याचं मरण नाई पायजे. तू जाय अन् तुझ्या डोळ्यानं पाय. मी घर राखतो." मग तिनं हात पुढे केला. "अन् तंबाखू दे."

याला आता काही दिवस झाले. मामी जेवते, मिठावरून बोलते. रोज सकाळी झाडांना वन्समोर देते, त्यामुळे रंग बरेच वाढलेत. मी मिलवरून आलो की सायकलचा आवाज ऐकून विचारते, "गेल्ता का?" मी म्हणतो, "नाई मामी, उद्या." धानाचा हंगाम आहे, मिल दिवसभर चालते, मालक सुट्टी देत नाही. स्वाती म्हणते पिक्चर अजून लागलेला आहे, एकच शो उरला आहे, दुपारचा. या वेळी पाणी पिऊन जायचं नाही एवढं मी ठरवलं आहे.

गाडी रोज आहे. मी अजून गेलेलो नाही. शेवट सांगितला की मामीचा वाटा फिटला. शेवट सांगायचा राहिला आहे.